कडीत अडकलेला कोपरा

मंगळवार, वैशाख शुद्ध सप्तमी.

गोदी आज सकाळी सव्वासहाला गेली. तिच्या पुतण्याचा फोन आला. अकराला नेलं. ऊन फार होतं. माणसं मोजकीच होती.

ती चौऱ्याण्णव वर्षांची होती. मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. अमळनेरला आमची घरं भिंतीला भिंत लागून होती.

ग्रुपवर सगळ्यांनी फुलांचे फोटो टाकले आहेत. "आजी समाधानाने गेल्या" असं कुणीतरी लिहिलं आहे.

मला त्याबद्दल काही सांगायचं आहे.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. गोदी पंधरा वर्षांची होती. लग्न होऊन शिंदखेड्याला गेलेली, आठवा महिना सुरू होता. पहिलं बाळंतपण माहेरी होणार होतं. पण माहेरचा मुऱ्हाळी न्यायला आल्याशिवाय सासरचे सुनेला पाठवत नसत. नाना, म्हणजे तिचे वडील, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिला आणायला जाणार होते.

आखाजीच्या आठ दिवस आधी तिचं कार्ड आलं.

नानांच्या घरी कोणी नव्हतं. पोस्टमनने कार्ड दाराच्या कडीत खोचून ठेवलं होतं. मी ओट्यावर खेळत होते. काकू, म्हणजे गोदीची आई, पाणी घेऊन येताना दिसल्या. मीच ते त्यांच्या हातात द्यावं म्हणून घाईने ओढलं.

कार्ड हातात आलं. कोपरा कडीतच राहिला.

आता कुणाला माहीत नसेल. मयताची बातमी देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडायची तेव्हा पद्धत होती. असं कार्ड उंबऱ्याच्या आत आणत नसत.

काकूंनी लांबूनच फाटका कोपरा पाहिला. घागर तिथेच ठेवली.

"घरमा लयू नको. तठेच ऱ्हाय."

त्यांना वाचता येत नव्हतं. मला येत होतं. पण पोरीच्या हातात असलं कार्ड नको म्हणून त्यांनी ते ओढून घेतलं, तुकडे केले आणि गटारीत टाकले. त्या घरात पत्र यायचं ते शिंदखेड्याहूनच. गोदीचे सासरे होळीपासून अंथरुणावर होते. तेच गेले, असं काकूंनी ठरवलं आणि रडायला बसल्या.

मी कार्डाच्या वर "श्री" लिहिलेलं पाहिलं होतं. मयताच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत, हे मला शाळेत शिकवलं होतं.

मी बोलले नाही. मार बसेल अशी भीती वाटली. एवढंच कारण.

सगळे अंघोळीला गेल्यावर मी कडीतला तुकडा काढला आणि चावून गिळून टाकला.

नाना संध्याकाळी कापसाच्या जिनातून कामावरून आले. अंत्यविधी तर होऊन गेला असेल, आता दहाव्याला जाऊ, असं ठरलं. सुतकातल्या घरातून सून आखाजीला येणार नाही, हेही सगळ्यांनी धरूनच चाललं.

आखाजीला माहेरवाशिणींसाठी लिंबाला झोका बांधला. गोदीची जागा रिकामी होती. माझ्या आईने मला तिथे बसवलं.

मी झोका खेळले.

दहाव्या दिवशी नाना व्याह्यांच्या दुखवट्याचं धोतर-टोपी पिशवीत घालून शिंदखेड्याला उतरले. व्याही अंगणात बाजेवर बसून दूध-भाकर खात होते. बरे झाले होते.

नानांनी पिशवी पाठीमागे धरली.

आत गोदी पडून होती. दोन दिवसांपूर्वी मुलगा झाला होता. मेलेलाच. तिचे पाय खांबासारखे सुजले होते. तिने नानांना एकच विचारलं.

"मनं पत्र भेटनं नही का?"

कार्डात लिहिलं होतं की पाय सुजलेत, डोकं ठणकतं, आखाजीची वाट बघू नका, लगेच न्यायला या.

नाना म्हणाले, "भेटनं."

बाकी काही सांगितलं नाही. हे मला काकूंनी पुढे सांगितलं. कार्डाचा कोपरा कुणी फाडला, यावर काकू-नानांचं आयुष्यभर भांडण राहिलं. टपालातच कुणीतरी फाडला असेल, असं काकू म्हणत.

गोदीला पुन्हा मूल झालं नाही.

पुढे आम्ही दोघी जळगावला आलो. पिंप्राळ्यात दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहिलो. माझी तिन्ही बाळंतपणं तिने केली. माझ्या मुलांना न्हाऊ घालताना ती बोलायची नाही. एरवी खूप बोलायची.

तिचा नवरा गेला त्या उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होतो. मी तिला सांगितलं. कडी, कोपरा, श्री, सगळं.

तिने हातातला बिबडा घातला. मग विचारलं,

"त्या तुकडावर काही लिखेल व्हतं का?"

"नाही. कोरा होता."

तिने राहिलेले सगळे बिबडे घातले, हात धुतले आणि घरी गेली.

अकरा महिने आली नाही. मी दोनदा गेले, तिने दार उघडलं नाही.

पुढच्या आखाजीला दुपारी माझ्या दाराची कडी वाजली. दारात गोदी, हातात खापरावरच्या मांड्यांचा डबा.

"मुऱ्हाळी काही उना नही, म्हनीसन मीच उनू."

माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. पण त्यानंतर दर आखाजीला ती स्वतःहून यायची. शेवटी शेवटी काठी टेकत.

यंदा आली नाही.

चार दिवस झाले आखाजीला. दोन गल्ल्या. मी गुडघ्याचं निमित्त केलं. ऊन उतरलं की जाऊ म्हटलं. उद्या जाऊ म्हटलं. आखाजीच्या दुपारी तिने पुतण्याला विचारलं होतं म्हणे, कोणी आलं का.

समाधानाने गेली की नाही, मला माहीत नाही.

गोदे, तू वाट पाहिलीस आणि कोणी आलं नाही. दोन्ही वेळा माझ्यामुळे.

दुपारी घरी येऊन अंघोळ केली. मुलं आपापल्या गावी आहेत. चहा एकटीपुरता ठेवला, तो तसाच राहिला.

आता दिवेलागण झाली. दार लावायला उठले. लहानपणापासूनच्या सवयीने कडीत बोट फिरवून पाहिलं.

मग कडी लावली.