प्रसाद स्वल्पच उरलाय

माइक हातात घेतला की ती आधी त्यावर दोनदा फुंकर मारायची आणि म्हणायची, "स्वल्प दम धरा की! बाप्पा कुठं पळून चाललेत?"

मांडवातली गडबड तेवढ्यानं थांबायची. बंगळूरच्या बनशंकरी भागातल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या सगळ्या सूचना तीच द्यायची. कॉलेजातली पोर, पण तिचं घराणं इथं शिवकाळापासूनचं. तिच्या मराठीत कानडी सहज मिसळायचं, 'थोडं'ला 'स्वल्प', 'बरं का'ला 'सरी'. आम्ही नोकरीपायी पुण्याहून आलेले. मला ती अण्णा म्हणायची. "अण्णा, चष्मा कपाळावर हाय, खुर्चीखाली शोधू नका," हे तिनं एकदा भर आरतीआधी माइकवरून सांगितलं होतं.

तुम्हीही तिला पाहिलं असेल. मांडवात नाही, तर मोबाइलवर.

त्या वर्षी ती म्हणाली, "प्रसाद स्वल्पच उरलाय. आधी पोरांना, मग आजोबांना. आजोबा, तुम्हाला शुगर हाय, सरी?" सगळे हसले, तीही हसली. कार्यकारिणीतल्या एका गृहस्थांनी ते मोबाइलवर टिपलं आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, 'मराठीचे धिंडवडे!' मी खाली हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे लावले आणि पुण्याच्या नातेवाइकांना धाडलं. तिकडे कुणा पोरानं तिच्या डोक्यावर गाढवाचे कान बसवले, मागे गाणं लावलं. फिरत फिरत ते तिच्याच कॉलेजात पोचलं. ती वर्गात शिरली की महाराष्ट्रातून आलेली मुलं ओरडायची, "प्रसाद स्वल्पच उरलाय!"

पुढच्या गणपतीला ती आलीच नाही. तिचे वडील म्हणाले, "घरीसुद्धा मराठी बोलत नाही हो. आई हाक मारते, ही इंग्रजीत उत्तर देते."

यावर मंडळानं काय करावं? व्याख्यान ठेवलं! विषय, 'मोबाइल आणि बिघडलेली तरुण पिढी'. अध्यक्ष, तो व्हिडिओ टिपणारे गृहस्थ. सूत्रसंचालक मी. पाहुणे सांगत होते, या मुलांना साधी थट्टा सोसत नाही. आमच्या वयाची मंडळी माना डोलवत होती आणि मांडीवरच्या मोबाइलवरून काहीबाही पुढे ढकलत होती.

शेवटी तिचे वडील उठले. "अण्णा, माझ्या पोरीचा व्हिडिओ काढला त्यांचं वय काय होतं?"

मी घड्याळ पाहिलं. म्हणालो, "वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

उत्तर आज देतो. काढणाऱ्याचं वय अडुसष्ट. पुढे धाडणाऱ्याचं, म्हणजे माझं, चौऱ्याहत्तर. कान बसवणारा तेवढा तरुण. पण त्याच्या हातात तिचं डोकं आम्हीच दिलं. पिढी बिघडली म्हणून गळे काढणाऱ्यांनो, आधी आपापला अंगठा तपासा! नाजूक म्हणे. वर्गभर गाढव म्हणवून घेऊन रोज कॉलेजला जाणारी पोर नाजूक, आणि एका प्रश्नाला घाबरून घड्याळ बघणारे आम्ही खंबीर!

परवा के. आर. पुरमच्या बसमध्ये ती दिसली. शेजारची जागा रिकामी होती. धीर करून म्हणालो, "स्वल्प सरकतेस का ग?"

"शुअर, अंकल," ती म्हणाली आणि खिडकीकडे सरकली.

मी बसलो. काय बोलावं ते जुळवत, हाताला काहीतरी काम हवं म्हणून खिशात चष्मा शोधू लागलो. एक खिसा, दुसरा खिसा, पिशवी. ती बघत होती. तिचे ओठ उघडले, मग मिटले. तिनं नुसतं बोट उचलून माझ्या कपाळाकडे दाखवलं आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागली.