थांबण्याचा हात

आमच्या पीटीच्या बाई रागावल्या की आठापर्यंत मोजायच्या. दहापर्यंत का नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "लेझीम आठात पुरी होते. वरचे दोन कुणासाठी मोजू?" आठ झाल्यावर मात्र समोरच्याची धडगत नसे. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या मराठी शाळेत मी इंग्रजी शिकवायला नवी होते आणि बाईंना जाम टरकून असे.

एका मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये गाणी ऐकत बसले होते. बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. "पाय का हलतोय तुझा?" मी चाचरत सांगितलं, नवा अल्बम आलाय, डान्स-पंक म्हणतात याला. त्यांनी माझ्या कानातला एक इअरफोन काढून स्वतःच्या कानात घातला. दणादण ड्रम, मध्येच शाळेचा टोल बडवल्यासारखी घंटी, आणि वर कुणी बाई किंचाळतेय. "चिडलेत गं सगळे," त्या म्हणाल्या, "पण नाचतायत! पुढचं लाव."

बाई त्या अल्बमच्या प्रेमातच पडल्या. शब्द एक कळत नव्हता. गायिका 'मूव्ह ऑन, मूव्ह ऑन' ओरडायची, ते बाईंना 'मोहन, मोहन' ऐकू येई. "केलंय तरी काय ह्या मोहननं?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. त्याच गाण्यात मध्येच आठ मात्रा सगळं गप्प होई. ती जागा त्यांची सगळ्यात लाडकी. "बघ, श्वास घेतात आणि परत भांडायला येतात."

त्या वर्षी लेझीमचं काही खरं नव्हतं. आदल्या स्नेहसंमेलनात लेझीम सुरू झाली आणि अर्धे पालक वडापाव खायला उठले होते. मुख्याध्यापिकांनी बजावलं, "यंदा लोक उठले तर पुढच्या वर्षीपासून लेझीम बंद." बाईंनी मनातल्या मनात आठ मोजले आणि मोहनच्या गाण्यावर लेझीम बसवायला घेतली. महिनाभर मुली त्या शांततेपाशी अडखळत होत्या. कुणाची तरी लेझीम खुळखुळायचीच. "थांबणं हासुद्धा लेझीमचा एक हातच आहे!" बाई ओरडायच्या. "मनात मोजा. नवव्याला उसळा."

स्नेहसंमेलनात मोहनचं गाणं सुरू झालं. ती शांतता आली. तीस मुली जागच्या जागी थांबल्या. तेवढ्यात साउंडवाला म्हणाला, "मॅडम, गाना अटक गया," आणि त्याने सगळं बंद करून टाकलं. मी त्याच्याकडे धावले. पाच, सहा. पहिल्या रांगेतले एक काका खुर्ची सारून उठले. सात. बाई विंगेत ओठ घट्ट मिटून उभ्या. आठ.

नवव्याला गाणं आलं नाही. तीस लेझिमी एकदम वाजल्या, आणि पुढे शेवटपर्यंत नुसत्या त्याच वाजत राहिल्या. काका उभेच होते, पण टाळ्या वाजवत. मला रडू आवरेना. बाई एवढंच म्हणाल्या, "तिसऱ्या रांगेतली एक जरा लवकर आली."

लेझीम राहिली. एप्रिलमध्ये बाई निवृत्त झाल्या आणि ती माझ्या गळ्यात पडली. निरोप समारंभात त्या बोलायला उभ्या राहिल्या आणि गप्पच झाल्या. मुख्याध्यापिका पाण्याचा ग्लास घेऊन लगबगीने पुढे आल्या. लेझीमच्या मुली मात्र हलल्या नाहीत; त्यांचे ओठ मोजत होते. मीही मोजू लागले.

नवव्याला बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "विश्राम!" आणि खाली बसल्या.