तांबडे ब्रेक ड्रम

ऑइलपेंट आणि झेंडू यांचा वास एकत्र आला की मला अजून शिसारी येते.

नव्वदच्या दशकात उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मी तपासणीला होतो. ओतलेला माल हातोडीनं वाजवून बघायचा. खणखणला तर पास, बद्द वाजला तर चिरलेला. मापात चुकलेला पण आवाजाला गोड असा माल आम्ही चौघं बाजूला ठेवायचो. ब्रेक ड्रम, फ्लायव्हील, पाइपाचे तुकडे, सगळं शेडमध्ये दोरीनं टांगून जेवणाच्या सुट्टीत वाजवायचो.

वडील भजनात मृदंग वाजवायचे. दुपारी माझा डबा गेटावर ठेवायचे आणि तोंड फिरवून निघायचे. "भंगार बडवतंय," एवढंच त्यांचं मत. त्यांनी एकदा समोर बसून ऐकावं म्हणून माझा जीव तुटायचा. खंडेनवमीला पूजेनंतर कारखान्यात आमचा कार्यक्रम ठरला, आणि ते चक्क येतो म्हणाले.

त्या दिवशी जाऊन बघतो तर काय! मशिनांच्या रंगरंगोटीत मालकांनी आमचीही वाद्यं उरकलेली. दोऱ्या कापून एकेक ड्रम लोखंडी चौकटीला वेल्डिंग केलेला, भोकं रंगाऱ्याच्या लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवलेली, वर तांबडा रंग आणि हार.

"लोंबकळत हुतं, पावण्यांम्होरं बरं दिसतंय व्हय?" मालक म्हणाले. "आता हत्ती बांधला तरी हलायचं न्हाय!"

जन्मभर लोखंड ओतून पोट भरलेला माणूस! जखडलेलं लोखंड मुकं होतं, एवढं कळू नये? ग्राइंडरनं जोड कापू म्हटलं, तर त्याची पूजा झालेली. पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो.

वडील पहिल्या रांगेत बसलेले. वाजवलं. बद्द, बद्द, बद्द. आणि लोकांनी काय करावं? टाळ्या! शिट्ट्या! रोज हाच आवाज ऐकून माल नापास करणारी माणसं, आणि एकाच्याही कपाळाला आठी नाही. मालकांनी माझ्या अंगावर शाल घातली, "लई भारी!" म्हणून पाठ थोपटली. त्या टाळ्यांचीच मला किळस आली. थूत्!

वडिलांनी तेवढी टाळी वाजवली नाही. गेटाबाहेर मी चिडून म्हणालो, "बघा, तुम्ही म्हणत हुता तसंच निघालं. भंगार."

"गप," ते म्हणाले. "डबा ठिवला की रोज भिंतीआड थांबून ऐकतोय की मी. आजचं ह्ये त्ये न्हवंच. कुणी गळा आवळला रं त्याचा?"