उमराव कापगते, दवनीवाडा
माझे भाऊजी साऱ्या जगासाठी प्रोग्राम लिहितात असं सांगितलं की गोंदियातला माणूस आधी माझ्या तोंडाकडे पाहतो, मग विचारतो, "भैया, उमर क्या है उनकी?" सहासष्ट! टेलिफोन खात्यात लाइनमन होते. जन्मभर खांबावर चढले, तारा जोडल्या. रिटायर झाल्यावर माणसानं पारावर बसावं, चार गप्पा हाणाव्या. तर हे गृहस्थ कॉम्प्युटरची भाषा शिकायला बसले. मी हेमराज, त्यांचा साळा. दवनीवाड्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांना पहिलं पुस्तक गोंदियाहून मीच आणून दिलं, आणि पुढं पाच वर्षं मला त्याचा पश्चात्ताप होत होता. आता होत नाही.

आमच्या वाचनालयात सहा लॅपटॉप आहेत. सगळे भंगारात निघालेले, भाऊजींनी उघडून, पुसून, जिवंत केलेले. त्यात त्यांनी लिनक्स नावाची फुकटची सिस्टिम टाकली. पोलीस भरतीच्या अन् नर्सिंगच्या पोरी फॉर्म भरायला, सराव परीक्षा द्यायला तिथंच येतात. गावात दुसरी सोय नाही. या लॅपटॉपांत वायफायचं काम एक प्रोग्राम करतो. त्याला खिडकी नाही, बटण नाही, तो दिसतच नाही. मागं बसून राउटर शोधतो, पासवर्ड सांगतो, जोडणी तुटली की पुन्हा जोडतो. तो कोण्या कंपनीच्या मालकीचा नाही. देशोदेशीचे लोक मिळून लिहितात, एकमेकांच्या चुका काढतात, आणि त्यातली प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येते.

"थापा नका मारू भाऊजी," मी म्हणालो होतो. "फुकटात कोण करन एवढं?"

"तेच त मी बी पाहून राहिलो," ते म्हणाले. "दहा वर्षांपासून करून राहिले बापा. रोज."

मग त्यांनी त्या लोकांची पत्रं दाखवली. सगळा कारभार ईमेलवर. एकानं बदल पाठवायचा, बाकीच्यांनी ओळीओळीवर बोट ठेवायचं. भाऊजींची अडचण अशी होती की लाइट जाऊन आली की आपल्या लॅपटॉपांतली वायफायची जुनी चिप जागी व्हायला पाच सेकंद घ्यायची, आणि प्रोग्राम तीन सेकंदांतच नाद सोडायचा. एवढं हुडकायला ते घड्याळ घेऊन दोन महिने बसले. मग सरळ तिनाचे पाच करून पाठवून दिले. फिनलंडातून एका बाईचं उत्तर आलं. तुमच्या चिपेसाठी सगळ्यांनी का थांबायचं? त्या चिपेपुरतंच करा. भाऊजींनी पुन्हा केलं, पुन्हा पाठवलं. असं अकरा वेळा! अकराव्या खेपेला बदल मंजूर झाला. म्हणजे त्या बाईनंही अकरा वेळा वाचलं की हो! ना ओळख, ना पाळख. माझी चिठ्ठी घरचे लोक एकदा धड वाचत नाहीत. त्या दिवशी खरंच सांगतो, माझ्या अंगावर काटा आला.

यंदा मार्चात त्याच बाईचं सगळ्यांना पत्र आलं. जुन्या चिपांचा भाग कोणी तपासत नाही, म्हणून पुढच्या आवृत्तीतून तो काढून टाकणार. ठेवायचाच असेल तर कोणीतरी एकानं त्याची जबाबदारी घ्यावी आणि देखभाल करणाऱ्यांच्या यादीत आपलं खरं नाव लिहावं. महिन्याची मुदत.

भाऊजी पेचात सापडले. जुनीच आवृत्ती ठेवावी तर फॉर्मच्या वेबसाइटी नवं ब्राउझर मागतात, आणि नवी टाकावी तर सहाही लॅपटॉपांचं वायफाय जाणार. मी म्हणालो, "कायले डोकं खराब करता? बाहेरून लावायचे सहा वायफाय डोंगल आणू, लावून देऊ, झालं."

"आपले सहा चालतीन," ते म्हणाले. "अन् याहीचं काय करतं?" त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. पेरू देशातल्या एका डोंगरी शाळेच्या मास्तरानं लिहिलं होतं, आमच्याकडे याच चिपेचे चाळीस आहेत, कृपा करून काढू नका. मी नकाशात पेरू शोधला. कुठं पेरू, कुठं दवनीवाडा! आमच्यासारखंच भंगार तिथंही कोणीतरी पुसत बसलेलं आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

भाऊजींनी तीन आठवडे तो अख्खा भाग तपासला. सहाही लॅपटॉपांचं वायफाय शंभर-शंभर वेळा तोडून जोडलं. बिरसीच्या विमानतळावर शिकणाऱ्या पायलट पोरांचं विमान डोक्यावर घिरट्या घालायचं अन् हे खाली वहीत खुणा करत. काम पुरं झालं. अडलं कुठं? नावावर!

त्याचं असं आहे, भाऊजींचं घराणं तळी बांधणारं. गावचं तळं त्यांच्या पणज्यानं बांधलं, आणि त्या घरात शिस्तच अशी की पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, दगड बसवायचा, नाव कोरायचं नाही. पाणी गावाचं, तळं गावाचं, मग नाव एकाचं काऊन? म्हणून यांनी यादीत नावाच्या जागी 'दवनीवाडा ग्राम' असं लिहून पाठवलं. उत्तर आलं, क्षमा करा, माणूस पाहिजे. मुदतीला दोन दिवस राहिले होते.

मी तणतणत त्यांच्या घरी गेलो. "तुमची शिस्त ठेवा गुंडाळून! त्या पोरींचे फॉर्म बुडतीन, तवा काय पाळीवरचा दगड दाखवसान?"

भाऊजी म्हणाले, "नाव टाकलं का ते माह्या मालकीचं झालं, हेमराज. मले नाई जमत."

माझी बहीण कुंदाबाई सुपात लाखोळीची डाळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मी एक इचारू? तुमच्या आज्याच्या वक्ती तळ्याची पाळ झिरपली का लोक कोनाले हाका मारत?"

"आज्याले."

"काऊन? नाव त नव्हतं पाळीवर."

"साऱ्या गावाले मालूम होतं का पाळीचं तोच पायते."

"गावाले मालूम होतं," कुंदाबाई म्हणाली. "त्या पेरूवाल्याले कोन सांगन?"

चौथी शिकलेली माझी बहीण, अन् आम्हा दोघांना जे आठवडाभर सुचलं नाही ते तिनं डाळ निवडता निवडता सांगितलं! भाऊजी उठले, लॅपटॉप उघडला आणि एका बोटानं, एकेक अक्षर दाबत, यादीत नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ते मंजूर झालं. मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर ती यादी उघडून पाहिली. नऊ माणसं. सगळ्यात खाली उमराव कापगते, दवनीवाडा. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला म्हटलं, थांब बापा जरा. माझे डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू.

नवी आवृत्ती आली, सहाही लॅपटॉप त्यावर चालू झाले. पंधरा दिवसांनी मी त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो. भाऊजींच्या फोनवर पेरूच्या मास्तरचं पत्र आलं. कापगतेजी, नवी आवृत्ती टाकल्यापासून माझे तीन लॅपटॉप जोडत नाहीत, जरा पाहता का?

मला वाटलं, झालं! आता जगभर फजिती. भाऊजींकडे पाहिलं तर चेहरा असा फुललेला, की आपल्या लग्नातही हा माणूस एवढा हसला नव्हता.

"कुंदा, ताट झाकून ठेव," ते हात धुता धुता म्हणाले. "मले हाक आली."