वाळूच्या बेटावर नुसतं झोपायचंय

मंडळी, लई थकलोय, तरी सांगतो.

रविवारी गोदावरीतल्या वाळूच्या बेटावर तंबू ठोकून राहायचा बेत हाय. म्हणून मी अन् माझा मेकॅनिक दोस्त सलीम आज त्याची फोर बाय फोर जीप घेऊन जागा बघायला गेलतो.

काठावर शेळ्या राखणाऱ्या मावशीला वाट विचारली.

"किती वाळू भरणार?"

"वाळू नको मावशी, एक रात्र झोपायचंय फक्त."

"एवढी गाडी घेऊन नुसतं झोपायला कोण येतं?" म्हणत तिनं गावात फोन लावला.

आम्ही वाळूचोर न्हाई, हे जमलेल्या गावकऱ्यांना समजावता समजावता दिवस मावळला. बेट बघायचं राहूनच गेलं.

घरी पोचलो तर बायको जीपमध्ये डोकावून म्हणाली, "रिकामीच आणली? न्हाणीघराच्या कामापुरती तरी वाळू आणायची!"

आता तिलाही समजावू, का तंबू सरळ गच्चीवरच ठोकू?