धुण्याआधीच्या टाईल्स

कल्पना करा, तुम्ही चूळ भरून काचेच्या नळीत थुंकताय आणि अख्खा वर्ग तेच करतोय. लाज बाजूला ठेवा. लाळेत पाणी मिसळून ती स्टार्चच्या पातळ खळीत घाला, नळी अंगाइतक्या कोमट पाण्यात उभी करा. मग पांढऱ्या टाईलच्या खळग्यांत आयोडीन ठेवून दर अर्ध्या मिनिटाला नळीतला एकेक थेंब त्यात सोडा. निळा, निळा, परत निळा. लाळेने स्टार्चचा फडशा पाडला की आयोडीन पिवळंच राहतं. निळे खळगे मोजायचे, झाला प्रयोग.

जीवरसायन विभागात हा प्रयोग काकू एकवीस वर्षं मांडत होत्या. त्या सगळ्यांच्याच काकू, वयाने सहा वर्षं मोठ्या असलेल्या विभागप्रमुखांच्यासुद्धा. खळ उकळायची, बाटल्या भरायच्या आणि शेवटी टाईल्स धुवायच्या. विद्यार्थी आपापली टाईल बघून घरी जातात, पण धुणाऱ्याला तीसच्या तीस एकदम दिसतात. वर्षभर प्रत्येक टाईलवर बारा-तेरा खळगे निळे. परीक्षेच्या दिवशी मात्र सहा-सात. सातव्या वर्षी हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा काकूंना वाटलं, आपलीच खळ पातळ झाली. पुढच्या वर्षी त्यांनी स्टार्च दोनदा तोलला. तरी तेच. तेव्हापासून त्या धुण्याआधी मोजायच्या आणि कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने आकडे लिहायच्या. नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, लोक दारावर नातवंडांची उंची लिहितात, आमच्याकडे थुंकीचा हिशेब.

यंदा परीक्षेला बाहेरच्या विद्यापीठातून एक परीक्षक बाई आल्या होत्या. कडक, पण कामाला चोख. शेवटच्या रांगेतल्या एका मुलीची वही त्यांनी उघडली. स्टार्च संपायला वर्गात तिने सहा मिनिटं लिहिली होती, आज तीन. बाईंनी विचारलं, कुठला आकडा खरा? वर्गातला आकडा शेजाऱ्याचा ढापला असणार, असं म्हणत बाईंनी लाल पेन काढलं. प्रयोगवहीत खोटेपणा म्हणजे सरळ नापास. मुलीला पुढच्या वर्गात जायचं होतं, आणि आकडे तर दोन्ही तिचेच होते.

काकू टाईल्सचा ट्रे घेऊन मोरीकडे निघाल्या होत्या. परीक्षेत मध्ये बोलण्याची त्यांना परवानगी नव्हती. तरी त्यांनी ट्रे बाईंसमोर टेबलावर ठेवला.

"मॅडम, धुण्याआधी जरा या बघता का? खोटं लिहिलं असेल तर तीस जणांनी मिळून लिहिलंय."

बाईंनी एकेक टाईल उचलली. सहा. सात. सहा. त्यांनी कोमट पाण्यात थर्मामीटर बुडवून पाहिला, खळीची बाटली हलवून पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. मग काकूंनी कपाट उघडलं. चौदा वर्षांचे आकडे वाचायला बाईंना चष्मा बदलावा लागला.

"हे कुणाला दाखवलं होतंत?"

"कुणी विचारलंच नाही."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि मुलीला म्हणाल्या, "जा, दोन्ही आकडे तसेच ठेव." मुलगी जाताना काकूंच्या दंडाला हात लावून गेली. काकू हसल्या आणि म्हणाल्या, आधी नळी धुऊन ठेव.

मग दोघी मोरीपाशी उभ्या राहिल्या. काकूंचं म्हणणं, पोरं घाबरतात म्हणून हे होतं. घाबरल्यावर तोंडचं पाणी पळतं म्हणतात, पण जे उरतं ते बहुतेक दुप्पट जोमाने राबतं. बाईंना ते पटण्यासारखं वाटलं, पण त्यांनी एक शंका काढलीच.

"परीक्षेच्या सकाळी ही मुलं काही खाऊन येतात का हो?"

काकूंचा टाईल घासणारा हात थांबला. चौदा वर्षांत हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यांना स्वतःचंच हसू आलं, आणि मजाही वाटली. पुढच्या परीक्षेला निम्म्या वर्गाला आधी खायला घालायचं, हे त्यांनी तिथेच ठरवलं. खर्चाचं विभागप्रमुखांशी बोलता येईल.

पण मग नेमकं काय म्हणायचं? लाळेला घाई होते ती भीतीने, की रिकाम्या पोटाने?