भागाबाईंचं लोणचं आणि परराज्यातलं माहेर

“या डब्यांवर तेलुगू का छापलंय?” अधिकाऱ्याने विचारलं.

मी भागाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मोठ्या कौतुकाने एक डबा उचलून त्याच्या हातात दिला. गोंडपिपरीतलं त्यांचं घर. ओसरीवर एका बाजूला बरण्या, दुसऱ्या बाजूला धुऊन वाळत घातलेला आंबाडीचा पाला. मी चंद्रपूरला कर सल्लागार आहे, म्हणजे लोकांचा GST भरून देणारा माणूस. सगळे मला वकील म्हणतात. पूर्वी मी दुरुस्त करत असे, आता सोडून दिलं आहे.

भागाबाई आंबाडीच्या पाल्याचं लोणचं करून विकतात. माहेरची भाग्यलक्ष्मी, सासरी भागाबाई झाली, पण लोणच्याची चव आईच्याच हातची राहिली. सुरुवातीला ओळखीपाळखीत विकायच्या. मग बल्लारपूरच्या पेपर मिलमधल्या आणि माजरीच्या कोळसा खाणीतल्या तेलुगू कुटुंबांना ते फार आवडू लागलं. माजरीच्या एका कँटीनवाल्याने GST नंबर असेल तरच माल घेतो म्हटलं, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. एवढ्या लहान धंद्याला कंपोझिशन ही सोय बरी पडते. एकूण विक्रीवर एक टक्का कर भरायचा, गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घ्यायचा नाही, कागदपत्रांचा त्रास कमी. एक मोठी अट मात्र असते. माल राज्याबाहेर विकायचा नाही.

अर्ज भरताना मी त्यांना विचारलं होतं, “बाई, माल बाहेर जातो का?” त्यांनी ठामपणे नाही म्हणून सांगितलं होतं. नंबर मिळाला. आणि आता जागेची पाहणी करायला आलेला हा कोल्हापूरकडचा तरुण अधिकारी डबा उलटासुलटा करून पाहत होता.

“कागजनगरच्या दुकानाचे डबे हायेत जी ते. माह्या भावाचं दुकान हाये. लेबलं त्यानंच छापून देल्ली.”

“म्हणजे तेलंगणात विक्री आहे तुमची?”

“मीच नेतो ना दर महिन्याले. बल्लारशावरून गाडी असते.”

मी हळूच म्हटलं, “बाई, तुम्ही तर बाहेर काही जात नाही म्हणाल्या होत्या.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू चूक माझीच असावी. “मंग नाईच जात. बाहेर कुठी जाते? ते माहेर हाये माह्यं.”

अधिकारी हसला, पण त्याने जे पाहिलं ते लिहून घेतलं. त्याचं कामच होतं ते. जाताना त्याने आंबाडीचं लोणचं विकत घेतलं आणि पैसे नको म्हटलं तरी ओसरीवर ठेवून गेला. माणूस सरळ होता. पुढे नोटीस आली तीही सरळच होती. तुम्ही या योजनेत कशा बसता, ते सांगा.

भागाबाई ती नोटीस घेऊन एसटीने चंद्रपूरला आल्या. मी त्यांना दोन रस्ते सांगितले. एक, जुन्या विक्रीचं जे काय निघेल ते भरून मोकळं व्हायचं आणि कागजनगरची विक्री बंद करायची. दुसरा, कंपोझिशन सोडून नेहमीच्या GST मध्ये यायचं. त्यात प्रत्येक विक्रीचं बिल, पुन्हा पुन्हा रिटर्न, कर जास्त, आणि माझी फीसुद्धा जास्त. तिकडचा खप तसा थोडाच होता. माझ्या हिशेबाने पहिला रस्ता सोपा होता, आणि मी तसं स्पष्ट सांगितलंही. आईला, भावाला खायला म्हणून न्यायला काही हरकत नाही, त्याला कर लागत नाही, फक्त दुकानात ठेवायचं नाही, असंही समजावलं.

“भाऊ, मले माहेरी दर महिन्याले कोण जाऊ देते?” त्या म्हणाल्या. “माल द्यायचा हाये म्हणतो, म्हणून कोणी काई म्हणत नाई. सासूबाई सोता डबे बांधून देतेत. धंदा बंद केला का पोळ्याले एकदा जायाचं, न् दुसऱ्या दिवशी परत यायाचं. मायले आता दिसत नाई बराबर. लोणचं चाटून सांगते, मीठ कमी पडलं का जास्त.”

माझ्या आईचं माहेर सिरोंच्याच्या पलीकडे, नदीच्या त्या बाजूला. मी लहान असताना ती मला घेऊन डोंग्यातून जायची. दोन-दोन वर्षं जाणं व्हायचं नाही. निघायच्या आदल्या दिवसापासून तिचा चेहराच वेगळा असायचा. घरात ती सगळ्यांशी हळू आवाजात बोलायची, आणि डोंग्यात बसली की नावाड्याशी तेलुगूत खळखळून हसायची. परत येताना नदीच्या अलीकडे आमच्या एसटीला विक्रीकराच्या नाक्यावर थांबवत. शिपाई आत येऊन सामान बघायचा. आईच्या मांडीवर भरलेली पिशवी असायची. “काय आहे?” म्हणून विचारलं की ती म्हणायची, “माहेरचं हाये जी.” आणि तो पिशवी न उघडता पुढे सरकायचा. ते नाके GST आल्यावर उठले. पिशवीला हातही न लावणारा तो शिपाई मला अजून आठवतो.

आम्ही दुसरा रस्ता धरला. जुन्या विक्रीचा कर, व्याज आणि थोडा दंड भरला, आणि त्यांना नेहमीच्या GST मध्ये आणलं. भागाबाईंनी कुरकुर केली नाही. भावाच्या नावाने बिल फाडताना मात्र त्यांना आधी फार लाज वाटायची. भावाले का बिल देते कोणी, असं त्या म्हणायच्या. मग सवय झाली. रिटर्नमध्ये परराज्यातल्या विक्रीचा एक रकाना असतो. त्यांचा तिथला आकडा लहानच असायचा, पण तो मी कधी घाईत भरला नाही. आकडा आला म्हणजे बाई जाऊन आल्या, एवढं मला त्यातून कळायचं.

मागच्या वर्षी त्यांची आई वारली. काही महिन्यांनी त्या बिलं घेऊन आल्या तेव्हा मी आपला धंद्याचा सल्ला दिला. आता तिकडची विक्री बंद केली तर नवीन वर्षापासून पुन्हा कंपोझिशनमध्ये जाता येईल, कर वाचेल, ही बिलांची कटकट सुटेल, असं सांगितलं.

“न् मंग जायाचं कोणत्या कामानं?” त्यांनी विचारलं.

मी रिटर्न उघडलं आणि तो रकाना भरला.

तेव्हापासून माझ्याकडे घरून लोणची, पापड, मसाले विकणारी कोणी बाई आली की, माल राज्याबाहेर जातो का, हा प्रश्न मी आधी विचारत नाही. ऑफिसातली पोरं हसतात, हसू देत. खुर्ची पुढे करतो, पाणी देतो, आणि विचारतो, बाई, माहेर कुठलं?